धर्मेंद्रचा अव्वल सिनेमा कोणता?



आजचा विषय हलकाफुलका वाटेल. पण आमच्या वऱ्हाडात या विषयावरून माणसांनी एकमेकांशी आठ-आठ दिवस अबोला धरलेला आहे. विषय असा, की धर्मेंद्रचा सगळ्यात चांगला सिनेमा कोणता? २४ नोव्हेंबर २०२५ रोजी धर्मेंद्र गेले. पंधराच दिवसांनी, ८ डिसेंबरला, त्यांना नव्वद वर्षं पूर्ण झाली असती. ते गेले आणि अमरावतीपासून अकोल्यापर्यंत हा जुना वाद पुन्हा पेटला.

सिनेमावर वाद घालण्याचा आपला हक्क तसा जुना आहे. सिनेमाच्या धंद्यात आपल्या भागाला आजही ‘सीपी-बेरार’ म्हणतात. तो प्रांत केव्हाच नकाशावरून गेला. १९५६ साली वऱ्हाड मुंबई राज्यात आलं, १९६० साली महाराष्ट्रात. पण सिनेमाच्या वितरकांच्या कागदावर बेरार अजून जिवंत आहे आणि या वितरकांच्या पेढ्या अमरावतीत होत्या. रिळांच्या पेट्या इथून गावोगाव जायच्या. कापूस विकून हाती पैसा आला, की माणूस बैल-बारदाना, पोरांचे कपडे आणि सिनेमा, असा हिशोब करायचा. कधीकधी क्रम उलटाही असायचा.

आता वादातले पक्ष सांगतो. पहिला आणि सगळ्यात मोठा पक्ष ‘शोले’चा. १५ ऑगस्ट १९७५ ला आलेला हा सिनेमा ज्यांना पाठ आहे, त्यांच्याशी बोलायची सोय नाही. “भाऊ, ‘शोले’ले हात लावू नोको,” एवढंच ते म्हणतात. यावर दुसऱ्या पक्षाचं उत्तर तयार असतं, “‘शोले’ तं साऱ्याईचा हाये. धरमचा एकट्याचा कुठं हाये?” मुद्दा बिनतोड आहे. ‘शोले’त ठाकूर आहे, गब्बर आहे, जय आहे, बसंती आहे. आणि गंमत पाहा, वीरूचा लोकांना सर्वात जास्त आठवणारा प्रसंग मारामारीचा नाही. तो दारू पिऊन पाण्याच्या टाकीवर चढतो आणि जीव देण्याची धमकी देतो, तो आहे. समोर शत्रू नाही, हातात बंदूक नाही, आणि तरी सारं गाव मान वर करून त्याच्याकडे पाहतं.

दुसरा पक्ष ‘मेरा गाँव मेरा देश’चा. राज खोसलांचा हा सिनेमा १९७१ चा. तुरुंगातून सुटलेला एक भुरटा चोर एका थोट्या माजी सैनिकाच्या आश्रयाला येतो आणि जब्बरसिंग नावाच्या डाकूशी लढतो. हा जब्बर विनोद खन्नाने केला होता. एक हात नसलेला तो सैनिक झाला होता जयंत. चार वर्षांनी ‘शोले’त ठाकूरचे दोन्ही हात तोडणारा गब्बर झाला अमजद खान, म्हणजे जयंतचाच मुलगा. मुलाचं यश पाहायला बाप राहिला नाही. ‘शोले’ लागण्याच्या दोन-अडीच महिने आधीच, जून १९७५ मध्ये, जयंत वारले. हा पक्ष म्हणतो, की ‘शोले’चं बी याच सिनेमात पेरलेलं आहे. मला ते पटतं.

तिसरा पक्ष ‘धरमवीर’चा. १९७७ चा तो पोशाखी सिनेमा, तलवारी, घोडे आणि गुडघ्याच्या वर थांबलेला तो पोशाख! या पक्षाला कारण विचारू नये. “मले आवडते,” हेच कारण. चौथा पक्ष माझ्या वयाच्या लोकांचा. आम्ही कॉलेजात जायच्या सुमारास, १९८७ साली, ‘हुकूमत’ आला. तेव्हा धर्मेंद्र पन्नाशी ओलांडून गेला होता आणि अजून एकटाच दहा-वीस जणांना लोळवत होता. आमच्या बापांना तो ‘शोले’त भेटला, आम्हाला ‘हुकूमत’मध्ये. माणूस ज्या वयात पहिल्यांदा थिएटरात शिट्टी मारतो, त्या वयाचा सिनेमा त्याला आयुष्यभर अव्वल वाटतो. म्हणून हा वाद कधी मिटत नाही.

अधूनमधून एखादे मास्तर ‘सत्यकाम’चं नाव घेतात. हृषीकेश मुखर्जींचा १९६९ चा सिनेमा. खरं बोलण्याची किंमत मोजता मोजता संपून जाणारा इंजिनियर. अभिनय म्हणाल तर धर्मेंद्रने याहून मोठं काही केलं नाही, असं मीही म्हणतो. पण आपला वाद मारामारीच्या नायकाचा आहे. तेव्हा ‘सत्यकाम’ आणि १९७५ चा ‘चुपके चुपके’ यांना आदराने बाजूला बसवू.

आता माझं मत. त्यासाठी कसोटी हवी. किती जणांना लोळवलं, ही माझी कसोटी नाही. आपल्या भागाला ताकद नवी नाही. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ सालचं. १९३६ साली मंडळाचा संघ बर्लिनला ऑलिम्पिकच्या वेळी जाऊन आपले देशी खेळ दाखवून आला. इथल्या तालमींत पोरगं गेलं, की पहिल्या दिवशी त्याला डाव शिकवत नाहीत. आधी माती सारखी करायला लावतात, वडीलधाऱ्यांच्या पाया पडायला लावतात. अंगात आलेलं बळ कुणाच्या कामी येणार, हा प्रश्न तालीम आधी विचारते. तोच प्रश्न मी सिनेमाला विचारतो.

त्या कसोटीवर माझं मत ‘फूल और पत्थर’ला. ओ. पी. रल्हन यांचा १९६६ चा सिनेमा. याच सिनेमाने धर्मेंद्रला मोठा नायक केलं. गावात प्लेगची साथ आहे, लोक घरं सोडून पळाले आहेत. शाका नावाचा गुंड एका रिकाम्या हवेलीत चोरी करायला शिरतो. तिथे त्याला सापडते एक आजारी विधवा, मीनाकुमारी. घरच्यांनी तिला मरायला मागे टाकलेलं आहे. चोरी करायला आलेला माणूस तिची शुश्रूषा करत बसतो.

या सिनेमात धर्मेंद्रची उघडी छाती दिसली आणि देशभर त्या छातीची पोस्टरं लागली. हिंदी सिनेमात पिळदार अंग दाखवायची चाल तिथून फोफावली, असं म्हणतात. पण तो सदरा कशासाठी उतरला, हे पोस्टरने सांगितलं नाही. तो कुस्तीसाठी उतरला नव्हता. दुसऱ्याच्या अंगावर पांघरायला उतरला होता. पुढच्या पन्नास-साठ वर्षांत कितीतरी नायकांनी सदरे काढले, त्यातले किती पांघरण्यासाठी होते, ते आपणच मोजा.

मित्र म्हणतात, “भाई, तो सिनेमा मीनाकुमारीचा हाये. अन् लय रडका हाये.” दोन्ही आक्षेप अर्धे खरे आहेत. सिनेमा संथ आहे, अश्रू भरपूर आहेत. पण गुंडाचा माणूस होताना दिसतो तो शाकाच, आणि ते काम फार न बोलता, नुसत्या नजरेने करायचं होतं. त्याच वर्षी ‘अनुपमा’त धर्मेंद्र हळुवार बोलणारा लेखक झाला होता. एका वर्षात गुंड आणि लेखक, आणि दोघांच्याही डोळ्यांत तीच लाज, तोच ओलावा. स्वतः धर्मेंद्र उर्दूत शेर लिहायचे. पंजाबचा जाट उर्दूत लिहितो, वऱ्हाडातला मुसलमान मराठीत लिहितो. भाषा कुणाच्या नावावर सातबाऱ्यात चढवलेली नसते.

श्रोतेहो, हा वाद मला का महत्त्वाचा वाटतो, ते सांगतो. नोव्हेंबर २०२१ मध्ये अमरावतीत आणि मे २०२३ मध्ये अकोल्यात संचारबंदी लागली होती. का लागली, ते आपण सगळे जाणता. आमच्या शहरातली संचारबंदी उठल्यावर नेहमीची माणसं पानठेल्यावर जमली खरी, पण कुणाला बोलणं सुचेना. जो तो आपल्या चपलेकडे पाहत होता. शेवटी एकाने मला विचारलं, “भाई, ‘जुगनू’ चांगला का ‘यादों की बारात’?” दोन्ही १९७३ चे. मी म्हटलं, ‘यादों की बारात’. तो म्हणाला, “तुमाले काही समजत नाही.” आणि आमचं बोलणं पुन्हा सुरू झालं. त्या दिवशी मला कुणी समजदार म्हटलं असतं, तर एवढं बरं वाटलं नसतं.

ज्याच्याशी आपण सिनेमावरून मनसोक्त भांडू शकतो, त्याच्यावर दगड उचलणं जड जातं. अशक्य होतं, असा माझा दावा नाही. पण जड जातं, आणि तेवढ्या वेळात हात खाली येऊ शकतो.

तेव्हा माझा कौल ‘फूल और पत्थर’ला. आपला ‘शोले’ला असेल, ‘धरमवीर’ला असेल, खुशाल असू द्या. फक्त एकदा शाकाचा तो सिनेमा पाहा, रडका वाटला तरी शेवटपर्यंत पाहा, आणि मग माझ्याशी भांडायला या. चहा माझ्याकडून.