शिडाची होडी आणि आपल्या तीन पायऱ्या

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेले भाषण)



मला विषय दिला होता ‘जिद्द’. मी म्हटलं, जिद्दीवर बोलणारे पुष्कळ आहेत, मी होडीवर बोलतो. हसू नका! माझं मूळ गाव औसा तालुक्यात. ज्या लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तिकडचा माणूस शिडाच्या होडीवर बोलतोय, हे गमतीचंच आहे. पण नांदेडला उशाशी गोदावरी आहे, विष्णुपुरीचा जलाशय आहे. पाण्याची गोष्ट इथे नाही करायची तर कुठे?

तुम्ही मला २५ वर्षं बघताय. लहानपणी पोलिओ झाला. आधी कॅलिपर होते, आता व्हीलचेअर आहे. लोक प्रेमाने म्हणतात, “सर, तुमची जिद्द मोठी!” ऐकून बरं वाटतं. पण जिद्दीइतकंच महत्त्व साधनाला असतं.

साध्या छोट्या शिडाच्या होडीत माणसाला सारखं इकडून तिकडे सरकावं लागतं. वाऱ्याने होडी कलली की आपलं वजन उलट्या बाजूला टाकायचं. पायात बळ नसेल तर हे जमत नाही. मग ऑस्ट्रेलियात क्रिस मिचेल यांनी होडीचीच रचना बदलली. तिला आता हन्सा म्हणतात. बैठक खाली, झोळीसारखी. एकदा बसलं की जागा बदलायचं काम नाही. सुकाणूसाठी समोर दांडी, शिडाच्या दोऱ्या हाताशी. तळाला वजनदार पातं, त्यामुळे ती उलटणं फार अवघड. ढकलली तरी पुन्हा उभी राहणारी बाहुली असते ना, तसं.

ब्रिटनच्या हिलरी लिस्टर यांना मानेखाली शरीर हलवता येत नव्हतं. तोंडाजवळच्या नळ्यांत फुंकर मारून आणि हवा ओढून त्या सुकाणू आणि शीड सांभाळत. २००९ साली त्यांनी टप्प्याटप्प्याने, होडीत एकटीने, ब्रिटनला प्रदक्षिणा पूर्ण केली. पॅरालिम्पिकमध्ये २००० च्या सिडनीपासून २०१६ च्या रिओपर्यंत शिडाच्या होड्यांच्या शर्यतींना पदकं होती. पुढे हा खेळ वगळला, याचं वाईट वाटतं.

आपल्याकडची उदाहरणंही आहेत. सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखालचं बळ गेलं. उपचार म्हणून पोहायला लागले आणि १९७२ मध्ये जर्मनीत हायडेलबर्गला ५० मीटर पोहण्यात सुवर्णपदक जिंकलं. पॅरालिम्पिकमधलं भारताचं ते पहिलं सुवर्ण. अलीकडे, २०२३ मध्ये, हांगझोच्या आशियाई पॅरा स्पर्धेत अनिता आणि नारायण कोंगनापल्ले या जोडीने वल्हवण्यात रौप्यपदक आणलं. नारायण लष्करातले, भूसुरुंगाच्या स्फोटात पाय गेलेला. अनिताचा पाय रस्ते अपघातात गेलेला.

या सगळ्यांत जिद्द आहेच. पण पेटकरांना आधी तलाव मिळाला, हिलरीबाईंना नळ्या मिळाल्या. कुणीतरी आधी विचारलं, “याला जमत नाही” ऐवजी “याला जमण्यासाठी काय बदलावं लागेल?”

आता आपल्या घरात येऊ. आपल्या हॉलला तीन पायऱ्या आहेत. गणपतीच्या आरतीला पोरं मला खुर्चीसकट उचलून वर नेतात. गुणी पोरं आहेत, त्यांचे उपकार आहेत. पण उचलून नेलेल्या माणसाला आपल्या मनाने उठून परत येता येत नाही. चौघं जमेपर्यंत बसून राहावं लागतं. म्हणून गेली काही वर्षं मी मीटिंगला येणं बंद केलं. माझं मत असतं, पण ते पायऱ्यांखालीच राहतं.

हिशोब सोपा आहे. एक इंच उंचीला बारा इंच लांबी, असा उताराचा नियम. सहा-सहा इंचांच्या तीन पायऱ्या म्हणजे अठरा इंच, म्हणजे अठरा फुटांचा रॅम्प. झेंड्याच्या कट्ट्यापासून भिंतीलगत तेवढी जागा आहे, मी दोरी लावून मोजलीय. फक्त दोन्ही बाजूंना कठडा हवा. आखूड, चढा उतार करू नका. त्यावरून खुर्ची मागे उलटते.

आणि हे एकट्यासाठी मागत नाही. राहायला आलो तेव्हा आपण चाळिशीत होतो. आता साठी-पासष्टीत आहोत. जोशी काकू, देशमुख भाऊ, गुडघे तुमचेही बोलायला लागलेत! नातवंडांच्या बाबागाड्या आहेत. कायदाही आहे, पण शेजाऱ्यांना कायदा दाखवायला मला आवडत नाही.

रौप्यमहोत्सवाची कमान उभारायचं चाललंय. कमानीला माझा विरोध नाही. पण पुढच्या महिन्यात सर्वसाधारण सभा आहे, तिच्यात आधी रॅम्पचा ठराव घ्या, उरलेल्या पैशांत कमान करा. ठराव नामंजूर झाला तरी चालेल, पण चर्चा माझ्या समोर व्हावी. त्या दिवसापुरती सभा हॉलऐवजी खाली पार्किंगमध्ये घ्या, एवढी विनंती.