कागदावरचा नकाशा आणि पायाखालची जमीन



विषय जाहीर झाल्यावर पुष्कळांनी मला विचारले की, मजूर-संघटनेच्या माणसाने उपग्रह आणि संगणक यांवर काय म्हणून बोलावे? प्रश्न रास्त आहे. मी शाळेत सातवीपर्यंत बसलो. भूमिती शिकलो ती रोजगार हमीच्या कामावर. तेथे मजुरी नुसत्या हजेरीवर मिळत नसे, खोदलेल्या मातीच्या मापावर मिळे. टेप कोणी धरला, खड्डा कोठून कोठवर मोजला, यावर संध्याकाळची भाकरी ठरे. म्हणून आमच्या संघटनेची पहिली मागणी वाढीव दराची नव्हती. टेपचे दुसरे टोक आमच्या माणसाच्या हाती असावे, एवढीच होती. आज मी बोलणार आहे ते त्याच टेपविषयी. तो आता आकाशातून धरला जातो, एवढाच फरक.

वनहक्कांचा कायदा २००६ चा. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जो आदिवासी वनजमीन कसत आला, त्याला त्या जमिनीचा, चार हेक्टरांच्या मर्यादेत, हक्क मिळावयाचा. दावा ग्रामसभेपुढे मांडावयाचा, तेथून तो उपविभागीय समितीकडे आणि मग जिल्हा समितीकडे जावयाचा. कागदावर सारे सरळ आहे. परंतु ज्यांचे दावे फेटाळले गेले त्यांना जमिनीवरून हटवावे, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने १३ फेब्रुवारी २०१९ रोजी दिला आणि २८ फेब्रुवारीस त्याला स्थगिती दिली. त्या पंधरा दिवसांत पाड्यापाड्यांवर काय काळजी पसरली होती, ती मी पाहिली आहे. दावा का फेटाळला गेला, हा प्रश्न तेव्हापासून माणसे अधिक बारकाईने विचारू लागली.

आमच्याकडे आलेल्या काही दाव्यांवर शेरा होता की, दाखवलेले क्षेत्र नाल्यात पडते. आता नाल्यात भात लावणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही! आमच्या पोरांनी त्या प्लॉटांचे जीपीएसचे आकडे घेतले आणि संगणकावर पुन्हा मांडून पाहिले, तेव्हा मौज अशी दिसली की, एकच प्लॉट सरकला नव्हता. पाड्यावरचे सगळे प्लॉट एकाच दिशेने, सारख्याच अंतराने सरकले होते. माणूस खोटे बोलला तर एकटा बोलतो. सगळे मिळून शंभर पावले वायव्येकडे खोटे बोलत नाहीत. तेव्हा दोष माणसांत नव्हता, नकाशात होता.

तो कसा येतो, हे जरा सावकाश सांगतो. जुना नकाशा स्कॅन केला म्हणजे संगणकाच्या दृष्टीने ते नुसते चित्र असते. त्यावरची विहीर पृथ्वीवर कोठे आहे, हे त्याला ठाऊक नसते. ते त्याला सांगावे लागते, की चित्रातला हा ठिपका म्हणजे इतके अक्षांश, इतके रेखांश. असे काही बिंदू दिले की मधली सारी जागा तो हिशेबाने भरून काढतो. याला कॅलिब्रेशन म्हणतात. आमची पोरे म्हणतात, ‘नकाशा बांधणे’. मला हा शब्द अधिक आवडतो. ओझीएक्सप्लोरर नावाच्या प्रोग्रॅमात हे करता येते, आणि क्यूजीआयएस तर फुकट मिळतो.

आता, अक्षांश-रेखांश म्हटले म्हणजे ते एकच असतात, असे आपण धरून चालतो. तसे नाही. पृथ्वीचा आकार कोणता धरला, यावर ते अवलंबून असतात. ज्याच्या नावाचे शिखर आपण सारे जाणतो, त्या जॉर्ज एव्हरेस्टने हिंदुस्थानातील मोजणीवरून १८३० मध्ये पृथ्वीच्या आकाराचे आकडे बसवले. सर्व्हे ऑफ इंडियाची जुनी टोपोशीटे त्यांवर आधारलेली आहेत. जीपीएस मात्र डब्ल्यूजीएस-८४ नावाचा दुसरा आकार धरते, आणि २००५ च्या नकाशा-धोरणानंतरची खुल्या मालिकेची शीटेही तोच धरतात. जुने शीट बांधताना प्रोग्रॅमला हे सांगितले नाही, तर आपल्या पश्चिम महाराष्ट्रात सारे शंभर-सव्वाशे मीटर सरकते. एका चौरस एकराची बाजू सुमारे ६४ मीटर. म्हणजे अख्खा एकर स्वतःच्या बाहेर जाऊन बसतो! कार्यालयातील एका टेबलावर, एका चौकटीत योग्य नाव निवडावयाचे राहिले, आणि त्यापायी माणूस अतिक्रमक ठरला.

गावनकाशाची गोष्ट निराळी. त्यावर अक्षांश-रेखांश छापलेलेच नसतात. तो ३३ फुटी साखळीने मोजलेला. साखळी औरस-चौरस म्हणजे एक गुंठा, हे आपल्या म्हाताऱ्यांना तोंडपाठ असते. जुन्या गावनकाशावर एका इंचाला ६६० फूट असे मान पुष्कळदा असते. अर्ध्या मिलिमीटरची रेघ म्हणजे जमिनीवर चार मीटर. पन्नास हजारांत एक या मानाच्या टोपोशीटवर हीच रेघ पंचवीस मीटर होते. तेव्हा टोपोशीटवर बांधाचे भांडण सोडवू नये. ज्या कागदाचे जे काम, ते त्याने करावे.

गावनकाशा बांधावयाचा तर बिंदू जमिनीवर जाऊन आणावे लागतात. येथे यंत्रापेक्षा माणसे कामास येतात. तीन गावांच्या शिवा मिळतात तेथला दगड उत्तम. जुनी विहीर, देवळाचा कोपरा चालतो. ओढ्याचे वळण घेऊ नये, ओढा जागा बदलतो. रस्त्याचा फाटाही नको, रस्ता रुंद झालेला असतो. तो दगड कोठे आहे हे यंत्राला ठाऊक नसते. गुरे वळणाऱ्या म्हातारीला असते. बिंदू नकाशाच्या चारही कडांना पसरलेले हवेत, एका ओळीत नकोत. कागद घडीवर ताणतो, पावसाळ्यात फुगतो, आणि सगळीकडे सारखा फुगत नाही. म्हणून नकाशा सपाट ठेवून पुरा स्कॅन करावा, मोबाइलने तिरपा फोटो काढून चालत नाही.

आणि एक गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण तिने फार लोक फसतात. साध्या पद्धतीने नकाशा बांधावयास तीन बिंदू पुरतात, आणि तीनच दिले तर प्रोग्रॅम चूक शून्य दाखवतो. नेहमीच शून्य. बिंदू साफ चुकीचे असले तरीही! कारण तीन बिंदूंवर चित्र ओढूनताणून बसतेच. चौथा, पाचवा बिंदू दिला म्हणजे चूक बोलू लागते. कोणी साहेबाने शून्य चुकीचा नकाशा पुढे केला तर आदराने विचारावे, की साहेब, बिंदू किती घेतले?

यंत्राचीही मर्यादा आहे. मे २००० मध्ये अमेरिकेने जीपीएसमध्ये मुद्दाम मिसळलेली चूक काढून टाकली. तेव्हापासून उघड्या आभाळाखाली साधे यंत्र काही मीटरांपर्यंत खरे सांगते. दाट झाडीत, दरीत ते भरकटते. तेथे थांबून थोडा वेळ द्यावा, दुसऱ्या दिवशी पुन्हा जावे.

काही मित्र म्हणतात, आदिवासीच्या हक्काला उपग्रहाची साक्ष कशाला? त्यांचे म्हणणे मला अर्धे पटते. २०१२ च्या सुधारित नियमांतच लिहिले आहे की, उपग्रहाची चित्रे व इतर तंत्र हे बाकीच्या पुराव्याला पूरक, त्याची जागा घेणारे नव्हे. वडीलधाऱ्यांचा जबाब, जुना बांध, थडगे, हेही पुरावेच. पण समोरचा पक्ष नकाशा घेऊन बसला असता आपण नुसता जबाब घेऊन जावे, हे मला पटत नाही. गुजरातेत नर्मदा जिल्ह्यातल्या गावांनी आर्च-वाहिनीच्या साहाय्याने स्वतः यंत्र हाती घेऊन प्लॉट मोजले. ते आपल्याला का जमू नये?

आम्ही आता दाव्याला नुसता नकाशा जोडत नाही. बिंदूंचा तक्ता जोडतो: कोणता दगड, कोणी दाखवला, आकडे काय आले, चूक किती मीटर निघाली. खाली दाखवणाऱ्याची सही किंवा अंगठा. स्कॅन आणि बांधणीची फाइल दोन्ही ग्रामसभेकडे राहतात, कारण एकीवाचून दुसरी निरुपयोगी.

सध्या वैशाखाचे दिवस आहेत. गवत वाळले आहे, शिवेचे दगड उघडे पडले आहेत. पाऊस लागला की ते पुन्हा दिसेनासे होतील. त्यामुळे रविवारी पहाटे आमची तुकडी निघते आहे. तीन गावे आहेत, अकरा दगड शोधावयाचे आहेत. आपल्यापैकी कोणाला चालण्याची सवय असेल, तर टोपी आणि पाणी घेऊन यावे. यंत्र आमच्याकडे आहे.