नेत्रदान : पहिल्या सहा तासांचे मोल

नेत्रदानाचा संकल्प पुष्कळ जण करतात. परंतु मृत्यूनंतरचे पहिले काही तास हातचे गेले, तर तो संकल्प कागदावरच राहतो. म्हणून दान केलेले नेत्र टिकतात कसे, हे गावातील जाणत्या मंडळींनी समजून घेणे अगत्याचे आहे.

डोळ्याच्या दर्शनी भागावरील पारदर्शक पडद्यास पारपटल म्हणतात. जखम, जंतुसंसर्ग किंवा चुन्यासारखा दाहक पदार्थ यांमुळे ते पांढरे पडले की दृष्टी जाते. ७ डिसेंबर १९०५ रोजी मोरेव्हियात डॉ. एडुआर्ड झिर्म यांनी चुन्याने अंध झालेल्या एका मजुरावर पारपटलाचे पहिले यशस्वी रोपण केले. ते पारपटल एका जिवंत मुलाच्या निकामी झालेल्या डोळ्यातील होते. मृताचे पारपटलही उपयोगी पडते, हे ओडेसाच्या डॉ. फिलातोव यांनी १९३० नंतरच्या दशकात दाखवून दिले. भारतातील पहिली नेत्रपेढी १९४५ मध्ये मद्रास येथे निघाली.

पारपटलाच्या आतील बाजूस पेशींचा एकच थर असतो. तो पडद्यातील जादा पाणी सतत बाहेर टाकून त्यास पारदर्शक ठेवतो. या पेशी एकदा नष्ट झाल्या की माणसात सहसा पुन्हा निर्माण होत नाहीत. मृत्यूनंतर त्यांचा ऱ्हास सुरू होतो; थंडाव्याने तो मंदावतो. ओलसर बाटलीत ४ अंश सेल्सिअस तापमानात ठेवलेला डोळा एकदोन दिवसांतच वापरावा लागे. १९७४ मध्ये मॅकॅरे व कॉफमन यांच्या पोषक द्रवामुळे ही मुदत सुमारे ४ दिवसांवर गेली. नंतरच्या द्रवांत ती १४ दिवसांपर्यंत वाढली.

मात्र कोणताही द्रव मेलेल्या पेशी जिवंत करीत नाही. म्हणून शक्यतो ६ तासांच्या आत नेत्र काढले गेले पाहिजेत. तोपर्यंत घरच्यांनी मृताच्या पापण्या मिटून त्यांवर ओल्या कापसाच्या घड्या ठेवाव्यात, पंखा बंद करावा, डोक्याखाली उशी द्यावी आणि नेत्रपेढीस तत्काळ कळवावे. पथक घरी येते. काम थोड्याच वेळात आटोपते व चेहरा विद्रूप होत नाही. उतारवय, चष्मा किंवा मोतीबिंदूची शस्त्रक्रिया दानाच्या आड येत नाही. रेबीज, एड्स यांसारख्या रोगांनी मृत्यू आल्यास मात्र नेत्र रोपणासाठी घेत नाहीत. हयातीत अर्ज भरलेला नसला, तरी जवळच्या नातलगांच्या संमतीने दान होऊ शकते.

शोकाकुल घरात हा विषय काढणे अवघड असते. तेथे शिक्षकाचा वा सरपंचाचा समजुतीचा शब्द कामी येतो. २५ ऑगस्ट ते ८ सप्टेंबर या नेत्रदान पंधरवड्यात ग्रामसभेत ही माहिती सांगितली आणि जवळच्या नेत्रपेढीचा दूरध्वनी क्रमांक पंचायतीच्या फलकावर लिहिला, तर ऐनवेळी शोधाशोधीत हे मोलाचे तास वाया जाणार नाहीत.