नटाचा आवाज आणि घरातील कान
(मंडळाच्या पांढरकवडा येथील वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला एक निवृत्त शिक्षक. शेक्सपिअरवर बोलण्याचा माझा अधिकार तो काय? परंतु त्या महाकवीचे दुःख केळापूर तालुक्यातील एका घरी ध्वनिफितीतून कसे आले, एवढेच निवेदन करण्याची अनुज्ञा असावी.

आगरकरांनी 'हॅम्लेट'चे 'विकारविलसित' हे भाषांतर १८८३ साली प्रसिद्ध केले. पुढे गणपतराव जोशी यांनी हॅम्लेटची भूमिका गाजविली. १९२२ साली ते निवर्तले. त्या काळच्या तबकडीच्या एका बाजूस तीन-चार मिनिटेच मावत. तीत पद बसे, लांब गद्य स्वगत बसत नसे. म्हणून बालगंधर्वांचे गाणे आपण आजही ऐकतो. गणपतरावांचा हॅम्लेट मात्र वर्णनांतूनच जाणतो.

आपली पिढी अधिक भाग्यवान. वि. वा. शिरवाडकरांचे 'नटसम्राट' १९७० साली रंगभूमीवर आले. त्यातील वृद्ध नट गणपतराव बेलवलकर सर्वस्व मुलांना देऊन निराधार होतो. ही लिअर राजाचीच व्यथा. हॅम्लेटचा जीवनमरणाचा प्रश्नही तो स्वतःस विचारतो. ही भूमिका प्रथम करणारे डॉ. श्रीराम लागू २०१९ साली गेले. त्यांचा आवाज ध्वनिमुद्रणात राहिला.

वाचताना कोठे थांबावे, स्वर कोठे उतरवावा, हे विद्यार्थ्यांस कळावे म्हणून मी ती फीत आणली होती. एका रात्री घरीच लावली. दादा, म्हणजे माझे वडील, बाजेवर पडून ऐकत होते. नव्या घराचा नकाशा त्याच दिवसांत तयार झाला होता. फीत संपली. बऱ्याच वेळाने दादा म्हणाले, "मास्तर, ह्या नकाशात माझी खोली कोणती?"

मी नकाशा उलगडला. देवघर होते, पाहुण्यांची खोली होती, त्यांची नव्हती. त्यांची बाज ओसरीवर टाकावी, असे मी त्यांना न विचारताच ठरविले होते. दुसऱ्या दिवशी नकाशा बदलला. त्या खोलीत दादा नऊ वर्षे राहिले.

बंधुभगिनींनो, आज आपली मुले पुण्यास, हैदराबादेस असतात. दिवाळीत ती घरी आली म्हणजे सर्वांनी एकत्र बसून ती स्वगते अवश्य ऐकावीत. परंतु नटाचा आवाज थांबल्यावर लगेच उठू नये. घरातील वृद्धास काही बोलावयाचे असेल, त्यास तेवढा अवकाश द्यावा.