दिव्यांची आरास आणि गावाची रात्र



शहराचा मध्यभाग रात्री गजबजावा, बाजारात गिऱ्हाईक रेंगाळावे, म्हणून दिव्यांची आरास करावी काय? करावी, असेच माझे उत्तर आहे. प्रश्न आहे तो कोठे, किती आणि केव्हा, याचा.

ही हौस जुनी आहे. मुंबईच्या रस्त्यांवर १८६५ साली गॅसचे दिवे लागले, १८८२ साली क्रॉफर्ड मार्केट विजेने उजळले. त्याच्याही आधीपासून आपल्या देवळांपुढे दीपमाळा उभ्या आहेत. दीपमाळेचे दिवे लहान, ज्योत पिवळी, आणि ती पेटते त्रिपुरी पौर्णिमेसारख्या ठरलेल्या रात्री. एरवी अंधार असतो, म्हणूनच त्या रात्री माणसे घराबाहेर पडतात. आरास वेगळी आणि रोजचा उजेड वेगळा, हे आपल्या पूर्वजांना ठाऊक होते.

आम्ही मात्र ते विसरतो. मरीन ड्राइव्हच्या दिव्यांना 'राणीचा कंठहार' म्हणतात. २०१५ साली तेथील पिवळे दिवे काढून पांढरे एल.ई.डी. बसविले. वीज वाचली, पण कंठहाराचे तेज गेले म्हणून लोक नाराज झाले. पुढे पिवळसर एल.ई.डी. आले. म्हणजे बचतही साधली आणि रंगही परतला! दोष यंत्राचा नव्हता, निवडीचा होता.

दुसरे उदाहरण त्याच शहरातले. २०२२च्या अखेरीस सुशोभनाची मोहीम निघाली आणि खांबांबरोबर झाडांनाही दिव्यांच्या माळा गुंडाळल्या गेल्या. हा प्रश्न उच्च न्यायालयापर्यंत पोहोचला आणि २०२४ साली झाडांवरच्या माळा उतरविणे भाग पडले. रात्र किती लांब आहे यावरून झाड ऋतू ओळखते. तारांनी साल कापते आणि फांदीवर झोपलेल्या पाखरांची झोप मोडते. चार दिवसांच्या शोभेसाठी ही फार मोठी किंमत झाली.

आता आपल्याकडे वळू. शिरढोण हे पनवेल आणि कर्नाळा यांच्या मध्ये वसले आहे. एका बाजूने महानगराचा झगमगाट सरकत येतो आहे, दुसऱ्या बाजूला पक्ष्यांचे अभयारण्य आहे. आपण कोणता दिवा लावतो याचा हिशेब केवळ वीजबिलात मावत नाही. विदर्भात पेंच व्याघ्रप्रकल्पाच्या परिसराला २०२४ साली, भारतात प्रथमच, अंधाऱ्या आकाशाचे उद्यान म्हणून मान्यता मिळाली. तेथे लोक तारे पाहावयास जातात. अंधारही गावाची शोभा ठरू शकतो, तो असा!

याचा अर्थ गाव काळोखात ठेवावे असा नव्हे. एस.टी.तून उतरून घरी चालत जाणाऱ्या आयाबहिणींना पायाखालची वाट दिसलीच पाहिजे. मात्र डोळ्यांवर येणारा प्रखर दिवा वाट दाखवीत नाही. त्याच्या झोताने डोळे दिपतात आणि पलीकडचा अंधार अधिकच गडद होतो. दिव्याला वरून झाकण असावे, प्रकाश खाली पडावा, रंग पिवळसर असावा. दुकानांच्या पायऱ्या, बसायचा पार, माणसांचे चेहरे उजळले की बाजार आपोआप जागा होतो. गर्दी पांगली की आरास मालवावी, आणि झाडे मोकळी ठेवावीत.

आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके यांचा जन्म १८४५ साली याच गावी झाला. त्यांच्या जयंतीला, ४ नोव्हेंबरला, घराघरापुढे पणत्या लावा, जन्मस्थळी सौम्य प्रकाश पडू द्या. वर्षातून अशा चार-सहा रात्री आपण मनापासून उजळल्या, तर पंचक्रोशी त्या पाहावयास येईल. रोजच दिवाळी केली, तर दिवाळीला कोणी मान वर करून पाहणार नाही.