आजाऱ्याच्या उशाशी कोण बसते?



ज्युबिलीच्या समारंभात आजारपणाचा विषय काढणे काहींना अप्रशस्त वाटेल. परंतु ट्रस्टकडे मदतीचे अर्ज येतात ते दुखण्यापायीच. तेव्हा क्षमा असावी.

जॉइस फ्लूकिगर या अमेरिकन विदुषींनी आपल्या हैदराबादेतील एका मुस्लिम बाईंविषयी 'इन अम्माज् हीलिंग रूम' हा ग्रंथ लिहिला. तो 2006 साली प्रसिद्ध झाला. या अम्मा घरच्याच एका खोलीत बसून दुखणाइतांना दुवा व तावीज देत. रोग्याच्या व त्याच्या आईच्या नावातील अक्षरांचे अंक मांडून निदान करावयाचे, मग कागदाच्या चिठ्ठ्या लिहावयाच्या: कोणती गळ्यात बांधण्यासाठी, कोणती पाण्यात विरघळवून पिण्यासाठी, कोणती जाळण्यासाठी. मुसलमान, हिंदू, ख्रिस्ती सारेच येत. मूलबाळ नसलेली सून येई, तसा धंदा बसलेला दुकानदारही येई.

आम्ही पडलो शाळामास्तर. आपल्याच बेगमपेठेत 20 ऑगस्ट 1897 रोजी रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू दिसले, हे आम्ही मुलांना शिकवितो. हिवतापाला रक्ततपासणी व गोळ्याच हव्यात. तेथे चिठ्ठी चालावयाची नाही. हे ऐकून आमचे काही आप्त रागावतील, रागावोत बापडे!

तरीही तो ग्रंथ वाचून आम्ही विचारात पडलो. आजारी माणसाला त्याच्या आईचे नाव विचारले जाते, म्हणजे तो कोणाचे तरी लेकरू आहे याची आधी नोंद होते. आपल्या अर्जात आपण काय विचारतो? उत्पन्न, औषधाचे बिल, डॉक्टरांची सही. रात्री उशाशी कोण जागते, तिचा रोज बुडतो काय, घरी चूल कोण पेटविते, याला रकानाच नाही! 2007 साली सुरू झालेल्या आरोग्यश्री योजनेतून गरिबांच्या कित्येक शस्त्रक्रियांचा खर्च भागतो. परंतु शस्त्रक्रियेनंतरचे महिने घरातच काढावयाचे असतात, आणि ते बहुधा एखादी बहीण नाहीतर सून आपली मजुरी सोडून काढते. तिचे नाव कोणत्याच कागदावर येत नाही.

म्हणून विश्वस्तांस आमची विनंती अशी की, अर्जात 'रोग्याची शुश्रूषा कोण करते?' ही एक ओळ वाढवावी, आणि त्या व्यक्तीच्या बुडालेल्या रोजासाठी मदतनिधीतून काही रक्कम निराळी काढावी. अशा अर्जाचा नमुना आम्ही तयार करून सेक्रेटरीसाहेबांकडे दिला आहे. पुढील बैठकीपूर्वी मंडळींनी, विशेषतः घरच्या बायकांनी, तो एकदा डोळ्यांखालून घालावा.