अंड्याला पाडलेली खिडकी



सदतीस वर्षं मी महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवलं. पावसाळा ओसरला की माझं एक काम ठरलेलं असे. हॅचरीतून फलित अंडी आणायची, इन्क्युबेटर 38 अंशांवर लावायचा, प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीने तारीख-वेळ टाकायची आणि दोन दिवसांनी मुलांना बोलवायचं. अंडं आडवं ठेवायचं, म्हणजे भ्रूण तरंगत वरच्या बाजूला येतो. टोकाशी बारीक छिद्र पाडून सिरिंजने दोन-तीन मिलिलिटर पांढरा बलक काढायचा. तेवढ्याने भ्रूण कवचापासून जरा खाली बसतो आणि कात्री लागायची भीती राहत नाही. मग वरच्या कवचाला रुपयाएवढी खिडकी पाडायची. आत पिवळ्या बलकावर लाल रेषांचं जाळं दिसतं आणि त्याच्या मधोमध एक ठिपका उडत असतो. ते हृदय. अजून डोळे नीट झालेले नाहीत, पायांचा पत्ता नाही, पण हृदय चालू आहे. हे पाहताना गप्प झाला नाही असा विद्यार्थी मला आठवत नाही.

आजचं व्याख्यान ज्यांच्याविषयी आहे त्या भ्रूणशास्त्रज्ञ व्हिक्टर हॅम्बर्गर यांच्यापर्यंत मला माझ्या एका चुकीने नेलं, म्हणून ती आधी सांगते.

भारनियमनाचे दिवस होते. बी.एस्सी.च्या प्रॅक्टिकलला 33 तासांचा भ्रूण होता. भ्रूणाच्या पाठीशी, मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना मांसल ठोकळ्यांच्या जोड्या दिसतात. त्यांना सोमाइट म्हणतात, पुढे त्यांतूनच मणके आणि पाठीचे स्नायू होतात. आमच्या पुस्तकातल्या आकृतीत 33 तासांना बारा जोड्या होत्या. एका मुलीने जर्नलमध्ये सात काढल्या. मी लाल पेनाने खूण केली आणि गुण कापले. ती म्हणाली, ‘‘मॅडम, रात्री लाइट गेली होती. अंडी गार पडली असतील.’’ तिच्या घरी पोल्ट्री होती. मी म्हणाले, ‘‘पुस्तकात बघ.’’

संध्याकाळी सगळे गेल्यावर काहीतरी टोचत राहिलं. तिचा वॉच ग्लास तसाच होता. मी तो सूक्ष्मदर्शकाखाली घेतला आणि मोजलं. सात. पुन्हा मोजलं, सातच.

मान वर केली तर समोरच्या भिंतीवर हॅम्बर्गर आणि हॅमिल्टन यांचा तक्ता लावलेला होता. त्यात सात जोड्यांना अवस्था 9 असं स्वच्छ लिहिलेलं आहे. माझ्या संशोधनात मी तो रोज वापरत होते आणि वर्गात मात्र तास शिकवत होते. दुसऱ्या दिवशी वर्गासमोर त्या मुलीची माफी मागून गुण बदलले. त्या वर्षापासून मी प्रॅक्टिकलला तास विचारणं बंद केलं.

हा तक्ता 1951 साली ‘जर्नल ऑफ मॉर्फॉलॉजी’मध्ये छापून आला. कोंबडीच्या पिलाची वाढ त्यात 46 अवस्थांत मांडली आहे. 46वी अवस्था म्हणजे कवच फोडून बाहेर आलेलं पिल्लू. यापूर्वी बहुतेक जण तासांतच बोलत. पण एक अंडं घालण्याआधीच कोंबडीच्या पोटात थोडं पुढे गेलेलं असतं, दुसरं चार दिवस थंड जागी पडलेलं असतं, कोंबडीची जात वेगळी, ऋतू वेगळा, आणि आपल्याकडे तर वीज वेगळी. तास सारखे असूनही आतले जीव सारखे नसतात. या दोघांनी सांगितलं की घड्याळ बाजूला ठेवा आणि भ्रूणाकडे पाहा. सुरुवातीला सोमाइट मोजा, मग हातापायांच्या कळ्यांचा आकार पाहा, गळ्याशी असलेल्या कमानी पाहा, शेवटी चोचीची आणि मधल्या बोटाची लांबी मोजा. आज जगात कुठेही कोंबडीच्या भ्रूणावर काम करणारा माणूस त्याचं वय ‘एचएच 10’, ‘एचएच 24’ असं सांगतो. त्यात नवा सिद्धान्त एकही नाही. या दोघांनी पुढच्या सगळ्यांसाठी केलेली ती सोय आहे. अशा कामाला आपण संशोधनात दुय्यम धरतो, आणि ते मला मुळीच मान्य नाही.

हॅम्बर्गर 1900 साली सिलेसियातल्या लांडेसहूट या गावी जन्मले. ते गाव आज पोलंडमध्ये आहे. 1920च्या सुमारास ते फ्रायबुर्गला हान्स श्पेमान यांच्या प्रयोगशाळेत आले. श्पेमान बेडूक आणि सॅलॅमँडर यांच्या मिलिमीटरभर भ्रूणांवर शस्त्रक्रिया करत. त्यांची हत्यारं काय, तर ज्योतीवर ओढून केसाइतकी बारीक केलेली काचेची सुई आणि तान्ह्या बाळाच्या केसाचा फास. शेजारच्या टेबलावर हिल्डे मान्गोल्ड काम करत असे. भ्रूणाचा एक इवलासा तुकडा दुसऱ्या भ्रूणात बसवला तर तिथे दुसरं अख्खं शरीर उभं राहू लागतं, हा प्रसिद्ध प्रयोग तिच्या हातचा. 1924 मध्ये तो छापून आला आणि त्याच वर्षी स्वयंपाकघरातल्या स्टोव्हच्या भडक्यात ती भाजून गेली. श्पेमान यांना 1935 साली नोबेल मिळालं. साठ वर्षं लोटल्यावर, 1984 मध्ये, हॅम्बर्गर यांनी हिल्डेवर एक लेख लिहिला आणि त्या शोधात तिचा वाटा किती होता हे मांडलं. तेव्हा ते 84 वर्षांचे होते.

1932 साली रॉकफेलर शिष्यवृत्ती घेऊन ते शिकागोला फ्रँक लिली यांच्याकडे गेले. जायचं होतं वर्षभरासाठी. लिली यांच्या एका विद्यार्थिनीने, मॅरियन शोरीने, 1909 मध्ये कोंबडीच्या भ्रूणाच्या पंखाची कळी विजेच्या तापलेल्या तारेने जाळून पाहिली होती. त्या बाजूच्या मज्जारज्जूत पंखाला जाणाऱ्या चेतापेशी खूप कमी झाल्या होत्या. पण तार जळते तेव्हा आजूबाजूलाही चटका बसतो. मग पेशी कशाने गेल्या, पंख नसल्याने की चटक्याने? हॅम्बर्गर यांच्या हातात फ्रायबुर्गची काचेची सुई होती. बेडकाच्या भ्रूणावर शिकलेला हात त्यांनी कोंबडीच्या अंड्यात घातला, कळी अलगद कापून काढली आणि तोच परिणाम पुन्हा दाखवला. आजची आपली खिडकी पाडण्याची पद्धत थेट या कामाशी जोडलेली आहे.

ते शिकागोत असतानाच, एप्रिल 1933 मध्ये, नाझी सरकारने ज्यूंना सरकारी नोकरीतून काढण्याचा कायदा केला. फ्रायबुर्गहून बडतर्फीचं पत्र आलं. परतीचा रस्ता बंद झाला. 1935 साली सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात त्यांना जागा मिळाली आणि पुढचं सारं आयुष्य तिथेच गेलं. 1941 पासून पंचवीस वर्षं ते प्राणिशास्त्र विभागाचे प्रमुख होते. 1942 मध्ये प्रायोगिक भ्रूणविज्ञानाचं त्यांचं हस्तपुस्तक आलं: सुई कशी ओढायची, अंडी कशी राखायची, जखम कशी भरू द्यायची, सगळं हाताने करून पाहणाऱ्यासाठी लिहिलेलं. वुड्स होलच्या समुद्रकाठच्या प्रयोगशाळेत उन्हाळी वर्गातही ते भ्रूणविज्ञान शिकवत.

आता माझ्या दृष्टीने या आयुष्यातला सर्वांत मोलाचा भाग. 1934 साली पंखाच्या कळीवरचा निबंध लिहिताना त्यांनी एक अर्थ लावला होता. पंखाकडून मज्जारज्जूला काहीतरी निरोप जातो आणि त्या निरोपाने कच्च्या पेशी प्रेरक चेतापेशी होतात. पंख नाही, निरोप नाही, म्हणून पेशी तयारच झाल्या नाहीत. हा निबंध इटलीत तुरिनच्या रीटा लेव्ही-मोंताल्चिनी या तरुण डॉक्टरीणबाईंच्या हाती पडला. त्याही ज्यू. 1938च्या वंशभेदी कायद्यांनी त्यांना विद्यापीठातून बाहेर काढलं होतं. त्यांनी घरच्या झोपण्याच्या खोलीत प्रयोगशाळा थाटली. शिवणकामाच्या सुया घासून धारदार केल्या. युद्ध चालू असताना सायकलवरून शेतकऱ्यांच्या दारी जाऊन अंडी मागितली. त्यांचे गुरू ज्युसेप्पे लेव्ही यांच्यासह त्यांनी हॅम्बर्गर यांचा प्रयोग पुन्हा केला आणि त्यांना वेगळंच दिसलं. पेशी तयार होतात, धागेही सोडतात आणि मग मरतात. इटलीत छापायला बंदी, म्हणून 1942 मध्ये हा निबंध बेल्जियमच्या नियतकालिकात आला.

म्हणजे युद्धात सापडलेल्या, पदावरून काढलेल्या एका अनोळखी स्त्रीने दूरच्या मोठ्या प्राध्यापकाला चूक ठरवलं होतं. हॅम्बर्गर यांनी काय केलं? युद्ध संपल्यावर पत्र लिहून त्यांना सेंट लुइसला बोलावलं, या, आपण मिळून पाहू. 1947च्या शरद ऋतूत त्या एका सत्रासाठी आल्या आणि जवळजवळ तीस वर्षं राहिल्या. दोघांनी अंडी उघडली, छेद घेतले, चांदीच्या क्षारांनी रंगवले आणि एका सूक्ष्मदर्शकावर आळीपाळीने पाहिलं. चेतापेशी मरताना स्पष्ट दिसत होत्या. 1949 साली दोघांच्या नावाने निबंध निघाला, आणि त्यातला अर्थ रीटाबाईंचा होता. पंधरा वर्षांपूर्वीचं आपलं म्हणणं हॅम्बर्गर यांनी सोडून दिलं. मी एका विद्यार्थिनीला ‘‘पुस्तकात बघ’’ म्हणाले होते. इथे पुस्तक लिहिणाराच ‘‘तुम्ही काय पाहिलं ते दाखवा’’ म्हणतो आहे.

पुढची गोष्ट थोडक्यात सांगते, कारण ती बरीच प्रसिद्ध आहे. हॅम्बर्गर यांचे विद्यार्थी एल्मर ब्यूकर यांनी उंदराची एक गाठ भ्रूणात लावली, तेव्हा चेतातंतू त्या गाठीत घुसले. त्यावरून रीटाबाईंनी ओळखलं की गाठीतून काही द्रव्य झिरपत असावं. 1953 मध्ये जीवरसायनशास्त्रज्ञ स्टॅनली कोहेन आले आणि ते द्रव्य वेगळं काढण्याचं काम सुरू झालं. चेता वाढवणारं ते प्रथिन सापडलं. काम रसायनाकडे वळलं तसे हॅम्बर्गर त्यातून बाजूला झाले. 1986चं नोबेल लेव्ही-मोंताल्चिनी आणि कोहेन यांना मिळालं, हॅम्बर्गर यांना नाही. त्यावर बरीच चर्चा झाली. मला विचाराल तर तिघांना मिळायला हवं होतं. ज्या टेबलावर हा प्रश्न पहिल्यांदा नीट मांडला गेला, ते टेबल त्यांचं होतं.

रसायनाच्या कामातून बाजूला झाले तरी त्यांचं स्वतःचं काम अडलं नव्हतं. साठच्या दशकात ते खिडकी पाडलेल्या अंड्यांसमोर बसून भ्रूणाच्या हालचाली टिपत राहिले. साधारण साडेतीन दिवसांनी मान हलकेच वाकते. ती कशामुळे, बाहेरच्या स्पर्शामुळे की आतून? त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पायाकडून संवेदना आणणारे मार्ग तोडून पाहिले. हालचाल चालूच राहिली. मज्जारज्जू आपणहून पायाला हलवत होती. मग 75व्या वर्षी, 1975 मध्ये, त्यांनी पायाला जाणाऱ्या प्रेरक चेतापेशींची गणती छापली. छेदामागून छेद घेऊन एकेक केंद्रक मोजायचं काम. निरोगी, कुणीही हात न लावलेल्या भ्रूणातही त्यांतल्या सुमारे 40 टक्के पेशी मरतात. पुढच्या वर्षी मार्गारेट हॉलिडे यांच्याबरोबर त्यांनी भ्रूणाला एक जादा पाय लावला, तर एरवी मेल्या असत्या अशा कितीतरी पेशी वाचल्या. पाय जेवढा, तेवढ्या पेशी राहतात. रीटाबाईंनी 1942 मध्ये त्यांना दाखवलेलं त्यांनी आता स्वतः मोजून पक्कं केलं होतं. जून 2001 मध्ये, 101व्या वाढदिवसाला महिना उरला असताना, ते गेले.

आपल्याकडे या परंपरेचा धागा पुण्यात येतो. प्रा. लीला मुल्हेरकर एडिंबरोला सी. एच. वॉडिंग्टन यांच्याकडे कोंबडीच्या भ्रूणावर शिकल्या, 1958 मध्ये त्यांचा निबंध इंग्लंडच्या भ्रूणविज्ञानाच्या नियतकालिकात आला आणि पुणे विद्यापीठात त्यांनी हे काम रुजवलं. अशा कामातली एक पद्धत म्हणजे काचेच्या कड्यावर बलकाचा पापुद्रा ताणून त्यावर भ्रूण वाढवणं, ही डेनिस न्यू यांची 1955ची युक्ती. काचेच्या बशीत कडं बसवताना पापुद्र्याला सुरकुती पडली की भ्रूण वाकडा वाढतो. हे हात हाताला शिकवतो. पुस्तक वाचून ते येत नाही. म्हणून महाविद्यालयात प्रॅक्टिकलचे तास कमी होतात, अंड्यांऐवजी नुसत्या तयार स्लाइड दाखवल्या जातात, तेव्हा मला काळजी वाटते. स्लाइडवरचा भ्रूण कधीच गार पडत नाही. पुस्तकाशी त्याचं नेहमी जुळतं.

ती मुलगी आता शिक्षिका आहे. मागच्या वर्षी तिने आपल्या विद्यार्थ्यांच्या जर्नलचे फोटो पाठवले. प्रत्येक आकृतीखाली मुलांनी तास लिहिलेले नाहीत, जोड्या लिहिल्या आहेत: नऊ, अकरा, दहा, नऊ.

मी आज येताना चार अंडी आणली आहेत. सभागृहाच्या मागच्या टेबलावर थर्मोकोलच्या पेटीत, दिव्याच्या उबेत ठेवली आहेत. खिडक्या पाडलेल्या आहेत, भिंगही आहे. उघडी फार वेळ राहू नयेत म्हणून मी इथेच थांबते. लहान मुलांना पुढे येऊ द्या. किती तासांची आहेत ते मला विचारू नका. दोन्ही बाजूंचे ठोकळे मोजा, मी वहीत तुमचा आकडा लिहून घेते.